चक्रीय अर्थव्यवस्थेतला पैसा नेमका कुणाच्या गल्ल्यात?

द्राक्षवेल (धागाकर्ती)

मंडळी, हा चौकशीचा धागा आहे. सल्ला हवाय.

माझा भाचा, वय २६, मेकॅनिकलचा डिप्लोमा. चार वर्षं नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात प्लास्टिकच्या मोल्डिंगवर (साच्यातून वस्तू काढायच्या कामावर) आहे. आता नोकरी सोडून सिन्नरला गाळा घ्यायचा आणि प्लास्टिकच्या भंगारापासून दाणा (वितळवून नव्या वस्तू करायचा कच्चा माल) करायचा, असं त्याच्या डोक्यात बसलंय. मशिनरीचं कोटेशन ३८ लाख. भाऊ निफाडची दीड एकर बाग बँकेकडे तारण ठेवायला तयार झालाय आणि वहिनी रोज रात्री मला फोन करून रडते.

भाच्याला काही विचारलं की तो थेट दिल्लीत पोचतो. "आत्या, अख्खा देश चक्रीय अर्थव्यवस्थेकडे, म्हणजे वापरलेलं टाकून न देता परत वापरात आणण्याकडे, चाललाय. पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव स्वतः म्हणालेत, २०५० पर्यंत २ लाख कोटी डॉलरची बाजारपेठ आणि १ कोटी रोजगार. मार्च २०२५ मध्ये जयपूरला आशिया-पॅसिफिक देशांची परिषद झाली याच्यावर. आत्ता नाही चढलो तर गाडी चुकली."

माझ्या डोळ्यांपुढे मात्र बोहारीण येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी ओट्यावर टोपली उतरवायची. आईने तिच्याशी तासभर हुज्जत घालून दोन साड्या, बाबांच्या तीन पँटी आणि माझ्या एका फ्रॉकवर स्टीलचं पातेलं मिळवलं होतं. फ्रॉकवरून मी रडले होते. पातेलं अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. हीच ना चक्रीय अर्थव्यवस्था? मग यात नवं काय, आणि ३८ लाख ओतावेत असं काय?

ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. ज्यांना कळत नाही ते लिहितीलच.

टिंब

वाचतोय. पातेल्याचा फोटो टाका.

रिकामटेकडा

२ लाख कोटी डॉलर म्हणजे रुपयांत किती, हे लिहायला घेतलं. शून्यं काढता काढता रद्दीत द्यायचा अर्धा कागद संपला. चक्र सुरू झालं म्हणायचं.

भंगारसम्राट

ताई, हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं समजून लिहितो. सांगलीत आमचं भंगाराचं दुकान आहे, आजोबांपासून. शाळेत वडलांच्या धंद्याच्या रकान्यात मी 'व्यापार' लिहायचो. माझी लेक 'रिसायकलिंग' लिहिते. काटा तोच आहे.

भाच्याला पहिला प्रश्न हा विचारा: माल ओळखता येतो का? मोल्डिंगवर काम केलंय म्हणजे त्याने गोणीतला कोरा, म्हणजे थेट तेलापासून केलेला, दाणा पाहिलाय. भंगारात सगळं एकमेकांत कालवून येतं. आमचे वडील तुकडा आधी फरशीवर टाकतात आणि आवाज ऐकतात. मग नखाने ओरखडा. मग वाकवून बघायचं, कडकन मोडतो की दुमडीवर पांढरा पडतो. तरी शंका राहिली तर काडी ओढून कोपरा पेटवायचा. मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला तर पॉलिथिन किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन). नाकात झोंबला तर पीव्हीसी, पाइपांचं प्लास्टिक. (घरी करू नका, तो धूर वाईट.) आणि दुकानामागे पाण्याची बादली कायम भरलेली. पॉलिथिन नि पीपी तरंगतं, पीव्हीसी नि पाण्याच्या बाटलीचं पेट बुडतं. आता पीव्हीसी आणि पेट दोन्ही तळाला गेली, तर ती वेगळी करायला पुन्हा माणसाचा डोळाच लागतो. मूठभर पीव्हीसी पेटच्या मालात गेलं की अख्खी बॅच पिवळी पडते. वडलांना हे सगळं करायला पाच सेकंद लागतात. मला अजून पंधरा लागतात.

दुसरं, घट. कोटेशनमध्ये ही कुणी लिहीत नाही. १०० किलो माल घेतला तर त्यात पाणी, माती, लेबलं, झाकणं, बाटलीत उरलेलं तेल, आणि वजन वाढवायला मुद्दाम घातलेली रेती. आमच्या अनुभवात ८० किलो दाणा हाती आला तर देव पावला. पैसे १०० किलोचे दिलेले असतात.

तिसरं, कोऱ्या प्लास्टिकचा भाव कच्च्या तेलावर चालतो आणि आपल्या दाण्याचा भाव कोऱ्याच्या भावावर. २०२० च्या एप्रिलमध्ये तेल कोसळलं, अमेरिकेत तर एक दिवस भाव शून्याखाली गेला. तेव्हा कोरा दाणा इतका स्वस्त झाला की जुन्याकडे कुणी ढुंकून बघेना. आमच्याकडे सहा महिने गोण्या पडून होत्या. उंदरांची सोय झाली.

मशीन काय, पैसे टाकले की महिन्याभरात दारात येतं. रोज दोन टन एकसारखा माल कुठून येणार, ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

अबोली

बापरे, केवढी माहिती. मी दुधाच्या पिशव्या धुवून खिडकीच्या गजाला वाळत घालते, सासूबाई त्याला 'तुझी तोरणं' म्हणतात. महिन्याला जेमतेम अर्धा किलो होतात. त्याचा उपयोग होतो का खरंच?

भंगारसम्राट

@अबोली, अगदी होतो. दुधाची पिशवी चांगल्या जातीचं पॉलिथिन आहे, स्वच्छ असेल तर भाव मिळतो. एक करा, कोपरा कापताना पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो नखाएवढा तुकडा मोरीत जातो आणि कुणाच्याच हाती लागत नाही.

खडूस

आपल्या राज्यात दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत मिळणार होते, आठवतंय का कुणाला? प्लास्टिकबंदीनंतर मोठी घोषणा झाली होती. मी सोळा पिशव्या घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धा किलो साखर घेऊन परत आलो. साखर प्लास्टिकच्या पिशवीत.

ओला_सुका

भंगारसम्राट, सगळं पटलं, एक सोडून. तुमची गोष्ट दुकानाच्या काट्यापासून सुरू होते. त्याच्या आधी कुणीतरी उकिरड्यात वाकलेलं असतं.

मी पुण्यात कचरावेचकांबरोबर काम करते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, बाबा आढावांच्या पुढाकारातली. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. आज तीन हजारांहून जास्त सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात, बहुतेक बायका. घरटी महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री, या दोन पायांवर त्यांचं घर चालतं. शहराला जो कचरा उचलावा, वाहावा, पुरावा लागत नाही, त्याचे वाचलेले पैसे त्यांच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

आता मोठे कंत्राटदार येतात. जिथे टनावर पैसे मिळतात तिथे कचरा वेगळा करण्यात कुणाला रस? ओला, सुका, माती, सगळं एकत्र दाबलं की वजन भरतं. मग त्या बाईला गाडीतल्या कचऱ्याला हात लावायचीही परवानगी नाही. त्यामुळे '१ कोटी रोजगार' ऐकलं की माझा प्रश्न एवढाच असतो, हे नवे रोजगार आहेत की जुन्याच माणसांचा माल काढून दुसऱ्यांना दिलेले?

खडूस

आणि शुल्क न देणाऱ्या सोसायट्यांचं काय? आमच्याकडे आठ मजल्यांच्या इमारतीत महिन्याच्या शुल्कावरून तीन सभा झाल्या. सभेचा चहा-समोसा शुल्कापेक्षा महाग पडला.

ओला_सुका

@खडूस, तुमची सोसायटी मला माहीत आहे असं वाटतंय. :-)

हिशेबनीस

कराची बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहितो. कंटाळवाणं आहे, पण ३८ लाख त्याच्यातच बुडतात.

प्लास्टिकच्या भंगारावर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता, २०२१ मध्ये १८ केला. माल येतो वेचकाकडून, मग फेरीवाल्याकडून, मग गल्लीतल्या दुकानातून. मालाच्या धंद्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीखाली नोंदणी लागत नाही, म्हणून यातल्या बहुतेकांकडे पक्कं बिल नाही. तुमच्या भाच्याने त्यांच्याकडून घेतलं तर विकतानाच्या करातून वजा करायला खरेदीत भरलेला कर नाही, आणि विकताना १८ टक्के लावायचाच. शेजारचा गाळेवाला बोगस बिलं फिरवून तोच माल स्वस्तात विकणार. भाचा प्रामाणिक राहिला तर महाग पडणार, नाही राहिला तर माझ्यासारख्याकडे येऊन बसणार. धातूच्या भंगारात १० ऑक्टोबर २०२४ पासून बिननोंदणीच्या विक्रेत्याकडचा माल घेतला तर कर खरेदीदारानेच भरायचा असं झालं. प्लास्टिकला ते नाही.

संधी कुठे आहे तेही सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारीत प्लास्टिक वेष्टनासाठी ईपीआरचे नियम आले. म्हणजे जी कंपनी वेष्टन बाजारात आणते, तेवढ्या प्लास्टिकची विल्हेवाट लागल्याचा पुरावा तिनेच द्यायचा. नोंदणी असलेला रिसायकलर तसं प्रमाणपत्र देतो आणि कंपनी ते विकत घेते. शिवाय कडक वेष्टनात, म्हणजे बाटल्या-डबे वगैरे, २०२५-२६ पासून ३० टक्के जुनं प्लास्टिक आणि २०२८-२९ पर्यंत ६० टक्के, असं नियमांत लिहिलंय. हे खरोखर पाळलं गेलं तर दाण्याला तेलाच्या भावापलीकडचं गिऱ्हाईक मिळेल. भाच्याच्या प्रकल्प अहवालात प्रमाणपत्राचं उत्पन्न किती धरलंय ते बघा. पहिल्याच वर्षापासून धरलं असेल तर खोडा.

खडूस

प्रमाणपत्रांबद्दल बोललात हे बरं झालं. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणी केली, तर मोजक्या रिसायकलरांनी मिळून सुमारे ६ लाख बोगस प्रमाणपत्रं काढलेली सापडली. प्लास्टिक नाही, मशीन नाही, नुसता कागद. यापेक्षा स्वच्छ उद्योग जगात नसेल.

रिकामटेकडा

घट शून्य टक्के!

भट्टीवाला

जालन्याहून लिहितोय. प्लास्टिकवरच सगळे अडकलेत. भाऊ, देशाचा मोठा भंगाराचा धंदा म्हणजे लोखंड. तुमच्या घराच्या स्लॅबमधली सळई आमच्याकडची असेल तर ती आधी कुणाची तरी सायकल, खिडकी, बोअरचा पाइप होती.

मी इंडक्शन भट्टीवर, म्हणजे विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर, शिफ्ट बघतो. मराठवाड्यात ना लोखंडाची खाण ना कोळशाची. तरी जालन्यात पोलाद उभं राहिलं ते भंगारावर आणि स्पाँज आयर्नवर (खनिजातून न वितळवता काढलेल्या सच्छिद्र लोखंडावर). एक टन वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिट वीज लागते, म्हणजे आमचं नशीब विजेच्या दरावर. दर वाढला की रात्रपाळी बंद, बाहेरचे चहावालेसुद्धा दुकान लावत नाहीत.

पण सांगायची गोष्ट वेगळी. भट्टीच्या आधी यार्डात सहा-सात माणसं नुसती निवडायला असतात. बंद सिलिंडर, शॉकअब्सॉर्बर, आत पाणी राहिलेला पाइप. यातलं एक जरी भट्टीत गेलं तर स्फोट होतो, वितळलेलं लोखंड छतापर्यंत उडतं. मी पाहिलंय. दुसरं तांबं. मोटरचं वाइंडिंग लोखंडात राहिलं की तांबं पोलादात मिसळतं आणि ते मग भट्टीतून काढायची सोय नाही. पुढे रोलिंगला सळईवर बारीक चिरा दिसतात. म्हणजे सांगलीच्या दादांनी प्लास्टिकचं सांगितलं तेच इथे. निवडणाऱ्याच्या हातात सगळं, आणि सगळ्यांत कमी पगार त्यालाच.

आणि गंमत म्हणजे भंगार पुरत नाही. परदेशातून कंटेनर येतात. २०२१ ला जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आलं, गाडी मोडली तर नव्या खासगी गाडीच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सूट. आम्हाला वाटलं आता गाड्यांची रांग लागेल. कसली रांग. आपल्याकडे गाडी मरत नाही. मुंबईची पुण्याला, पुण्याची बीडला, बीडची कुणाच्या तरी शेतात, कडबा वाहायला.

कालव्याकाठी

@भट्टीवाला, शेतातली गाडी हीसुद्धा चक्रीय अर्थव्यवस्थाच की. वितळवण्याआधी वापरत राहणं वरच्या पायरीवर येतं.

मी नेदरलँड्समध्ये नऊ वर्षं आहे. इथल्या सरकारने २०१६ मध्येच ठरवलं की २०३० पर्यंत खाणीतून नि तेलातून येणारा नवा कच्चा माल निम्मा करायचा आणि २०५० पर्यंत सगळं चक्रीय. ऐकायला झकास. बाटल्यांवर अनामत आहे, २०२३ च्या एप्रिलपासून कॅनवरही १५ सेंट. परिणाम काय झाला? ॲमस्टरडॅममध्ये लोक कॅन शोधायला रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे उचकटतात, सकाळी कचरा फुटपाथवर. आता पालिकेने डब्याभोवती कड्या बसवल्यात, बाटली आत टाकू नका, कडीत ठेवा, ज्याला हवी तो नेईल. ते बघून मला दादरचा पूल आठवला.

दुरुस्ती कॅफेही इथलाच, २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झाला. शनिवारी निवृत्त आजोबा मंडळी फुकटात टोस्टर दुरुस्त करून देतात. मी मिक्सर घेऊन गेले. भारतातून आणलेला, तीन भांड्यांचा. चार आजोबा जमले आणि अर्धा तास नुसतं कौतुक करत होते. ब्रश बदलला, चालू झाला.

आता कडू गोष्ट. एवढी धोरणं असून गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या प्लास्टिक रिसायकलिंग कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीत गेल्या. कारण भंगारसम्राटांनी सांगितलं तेच, कोरं प्लास्टिक स्वस्त, त्यात बाहेरून येणारं आणखी स्वस्त. तेव्हा 'देश तिकडे चाललाय' एवढ्या भरवशावर बाग तारण ठेवू नका.

सराफा_रात्री

इंदूरकर हजर! आमचा उल्लेख न करता कचऱ्यावर धागा? गोबरधन प्रकल्प, फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची क्षमता, त्यातून १७ हजार किलोच्या आसपास बायो-सीएनजी, त्यावर शहरातल्या बसेस. चालतो तो एकाच कारणाने, घराघरांतून ओला वेगळा येतो. आमच्या काकू कचऱ्याच्या गाडीचं गाणं लागलं की पोहे टाकून धावतात.

मळीचा_डाग

मी साखर कारखान्यात ३१ वर्षं केमिस्ट होतो. निवृत्त. तुम्ही सगळे शहरी कचऱ्यात अडकलात म्हणून थोडं गावाकडचं.

१ टन ऊस गाळला की साखर १०० ते ११० किलो. पण बगॅस (उसाचा चोथा) २८० ते ३०० किलो, मळी (साखर काढून उरलेला काळा पाक) ४०-४५ किलो आणि प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) ३५-४० किलो. मी लागलो तेव्हा बगॅसचे डोंगर यार्डात पडलेले असायचे, उन्हाळ्यात आग लागायची. आता त्याच बगॅसवर कारखाना स्वतः चालून उरलेली वीज विकतो. मळीपासून इथेनॉल, ते पेट्रोलमध्ये. २०२५ मध्ये देशात २० टक्के मिश्रण झालं. प्रेसमड शेतकरी ट्रॉलीने फुकट न्यायचे, आता त्याच्यापासून बायोगॅस करणारे पैसे मोजतात आणि शेतकरी नाराज आहेत, तेही बरोबर.

सगळ्यांत वाईट वस्तू म्हणजे स्पेंट वॉश, मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी. एका लिटर अल्कोहोलमागे ८ ते १२ लिटर, काळंभोर, आंबूस. नदीत गेलं की मासे मेले आणि गाव कारखान्यावर. माझ्या उमेदीच्या काळात आम्ही रात्री झोपायचो नाही त्याच्या धाकाने. आज तेच आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात आणि राखेत पोटॅश सापडतं. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशचं खत आपला देश जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो. म्हणजे ज्याच्यामुळे आम्हाला नोटिसा यायच्या ते आज खत म्हणून विकलं जातं. चक्रीय अर्थव्यवस्था यालाच म्हणत असतील तर हो, त्यात पैसा आहे, मी डोळ्यांनी पाहिलाय.

पण धोकाही पाहिलाय. ७ डिसेंबर २०२३, गाळप जोरात चालू, आणि दिल्लीहून आदेश आला की उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून. कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवलेल्या. पुढच्या हंगामाला बंदी उठली, पण त्या वर्षाचे हप्ते कुणी भरले? सरकारी धोरणावर उभा राहिलेला धंदा करताना एक हंगाम बसून खाता येईल एवढी शिल्लक लागते. भाच्याकडे आहे का?

टिंब

काका, स्वतंत्र लेख लिहा ना यावर. धागा वेगळ्याच उंचीवर गेला. पातेल्याच्या फोटोची वाट बघतोय.

मांडवीकिनारी

गोंयांतल्यान. आमच्याकडे २०२४ मध्ये अनामत परतावा योजनेची अधिसूचना निघाली, बाटली-पाकीट परत करा, पैसे घ्या. तामिळनाडूत दारूच्या बाटलीवर १० रुपये जास्त घेऊन बाटली परत दिल्यावर परत देतात, निलगिरीत २०२२ ला सुरू झालं. आमच्याकडे समुद्रावर सकाळी जेवढ्या बाटल्या मिळतात तेवढ्यांचे १० रुपये दिले तर पंचायतीचं बजेट निघेल.

खडूस

@मळीचा_डाग, एक नंबर प्रतिसाद. मी सहसा असं लिहीत नाही.

हिशेबनीस

खडूस यांनी कौतुक केलं, धाग्याची नोंद घ्यावी.

मोसमकाठ

मालेगावचा आहे. द्राक्षवेलताई, तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण भाचा सिन्नरला गाळा काढणार म्हणजे त्याची गाठ आमच्याशी आहे.

मालेगाव म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात. पण जुन्या प्लास्टिकचे पाइप करणारे कारखाने इथे गल्लोगल्ली आहेत. इथले लोक रोख पैसे घेऊन दारात माल उचलतात, उधारी फक्त विकताना. रात्री अकराला फोन केला तरी टेम्पो येतो. घरातली चार माणसं कामाला, भाडं नाही, बँकेचा हप्ता नाही. त्याच्यासमोर ३८ लाखांचं कर्ज घेऊन नवा पोरगा उभा राहिला, तर घरगुती बाटल्या-डब्यांत तो आठ महिन्यांत बसेल. वाईट वाटून घेऊ नका.

पण तो निफाडचा आहे ना? मग शहराच्या कचऱ्यामागे कशाला लागतोय? त्याच्या आजूबाजूला बागाच बागा. ठिबकच्या जुन्या नळ्या कुठे जातात? बांधावर गुंडाळून पडतात, कुणी पेटवून देतं, उरल्या त्या आमचे फेरीवाले मिळेल त्या भावाने उचलतात. ती नळी एकाच जातीचं पॉलिथिन, काळी, तिच्यात काजळी असल्यामुळे उन्हातही बऱ्यापैकी टिकलेली. निवडायची कटकट जवळपास नाही. माती आणि क्षार हाच काय तो त्रास. बागेवरच्या आच्छादनाचं पांढरं प्लास्टिक मात्र उन्हाने चुरा झालेलं असतं, त्याच्या नादी लागू नये. क्रेट घ्यावेत.

आम्हाला अडचण येते ती नळ्या आणण्यात. गोळा केलेल्या नळीचं भेंडोळं म्हणजे टेम्पोभर हवा. वजन काहीच भरत नाही, डिझेल मात्र पुरतं जातं. कुणी तिथल्या तिथे कापून, धुवून, तुकडे गोणीत भरून दिले तर आम्ही चांगल्या भावाने घेऊ. त्याला एक्स्ट्रूडर (वितळवून दाणा काढायचं मशीन) नको, वॉशिंग लाइन नको. कटर आणि पाण्याचा हौद. आणि शेतकरी त्याच्या ओळखीचे, आम्हाला भाव सांगताना जे हात आखडतात ते त्याला बोलावून देतील.

भंगारसम्राट

@मोसमकाठ, मनातलं बोललात. नळ्यांमध्ये ड्रिपर (पाणी थेंबथेंब सोडणारे तुकडे) अडकलेले असतात ते बघायला सांगा, कधीकधी दुसऱ्या प्लास्टिकचे असतात.

ओला_सुका

आणि त्या फेरीवाल्यांचं काय, जे आज बांधावरून नळ्या उचलतात?

मोसमकाठ

@ओला_सुका, बरोबर विचारलंत. त्यांच्याकडूनच घ्यावं, त्यांना डावलून गावोगाव स्वतः फिरायला गेला तर पहिल्याच महिन्यात टेम्पोची हवा सोडतील. रागावून नाही, मीही तेच केलं असतं.

द्राक्षवेल (धागाकर्ती)

धागा वर काढतेय, पाच आठवडे झाले. सगळ्यांचे प्रतिसाद छापून (दोन्ही बाजूंनी, खडूस काळजी नसावी) भाच्याला नेऊन दिले. मळीचा_डाग काकांचा परिच्छेद भावाने दोनदा वाचला आणि बँकेचा फॉर्म कपाटात ठेवला.

भाचा आधी माझ्यावर चिडला. मग मोसमकाठ यांच्याशी निरोपांतून बोलणं झालं आणि तो पंधरा दिवस सुट्टी काढून पिंपळगावला एका भंगाराच्या दुकानात बसला, बिनपगारी. रोज वही लिहीत होता. पहिल्या दिवशी त्याने 'पीपी' म्हणून वेगळे काढलेल्या ढिगातलं जवळजवळ एक तृतीयांश दुसरंच निघालं. दुकानदार हसला, काही बोलला नाही, ढीग परत उलटा केला. आत्या, चार वर्षं मोल्डिंगवर होतो रे मी, असं मला म्हणाला. 'रे' मलाच.

आता एक जुना कटर घेतलाय, सव्वादोन लाखांचा. घरामागच्या शेडमध्ये बसवलाय, नोकरी चालू आहे, शनिवार-रविवार हे काम. तीन फेरीवाले माल आणून देतात. पहिली खेप मालेगावला गेली, ११ क्विंटल. तिथे वजनात ओल धरून ७० किलो कापले, त्यावरून दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. हिशेबनीस, नोंदणी कधी करायची ते तुम्हाला वेगळं विचारते.

वहिनी अजून रोज रात्री फोन करते. आता तक्रार अशी की अंगणात काळ्या नळ्यांचा एवढा ढीग झालाय की तुळस दिसत नाही, आणि ढिगात परवा धामण निघाली.

हिशेबनीस

विचारा. फी नको, नळ्यांतला साप नको.

भंगारसम्राट

७० किलो कापले म्हणून चिडू नकोस म्हणावं, पुढच्या वेळी दोन दिवस उन्हात जास्त वाळव. ओल धरली जाते, माझ्या वडलांनाही धरतात.

टिंब

सगळं छान झालं. पातेल्याचा फोटो राहिला.

द्राक्षवेल (धागाकर्ती)

@टिंब, पातेलं भाचा घेऊन गेला. त्यात पाणी भरून ड्रिपर तरंगतात का बघतो.